अंगठ्याची गाठ, वाकडी बोटं, सपाट पाऊल: घरी कसं ओळखायचं आणि पुढं काय करायचं

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला हाड बाहेर आल्यासारखं दिसतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलतो. दवाखान्याच्या कागदावर याला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ लिहितात. इंग्रजीत बनियन म्हणतात, पण आपल्याकडं बनियन म्हटलं की अंगात घालायचा कपडा डोळ्यांसमोर येतो, म्हणून या लेखात आपण ‘अंगठ्याची गाठ’ असंच म्हणू.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. ही गाठ म्हणजे नवं वाढलेलं हाड नव्हे. तळपायातलं अंगठ्याचं लांब हाड आतल्या बाजूला सरकतं, अंगठा बाहेरच्या बाजूला कलतो आणि दोघांच्या सांध्याचा कोपरा कातडीखाली टोचून वर येतो. वर पायताण घासलं की तिथली पाण्याची पिशवी सुजते आणि गाठ लाल होते. एकदा अंगठा कलला की त्याला हलवणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायू हाडाला जोडणाऱ्या) धनुष्याच्या दोरीसारख्या एका बाजूनं ओढू लागतात आणि प्रत्येक पावलागणिक त्याला आणखी कलवतात. म्हणूनच ही गाठ चोळून, दाबून किंवा लेप लावून ‘बसत’ नाही. हाडवैद्याकडं अंगठा झटका देऊन ओढून घेणं तर नकोच.

कारणं दोन जागी असतात. पायाची ठेवण घराण्यातून येते: आईला गाठ असेल, सांधे सैल असतील, पाऊल सपाट असेल तर धोका जास्त. त्यावर भर घालतं ते अरुंद पायताण. हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांना अशी गाठ होती, अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम २ टक्के. घराणं बदलता येत नाही, पायताण मात्र बदलता येतं. या लेखातला बराचसा भाग त्यासाठीच आहे.

पायरी १: पाऊल कागदावर काढा

जुन्या कॅलेंडरची दोन पानं, पेन्सिल, पट्टी आणि मुलांच्या कंपास पेटीतला कोनमापक एवढंच सामान पुरतं. वेळ संध्याकाळची निवडा, कारण दिवसभराच्या कामानं पाऊल थोडं पसरलेलं असतं. सकाळच्या मापावर घेतलेला बूट संध्याकाळी चावतो.

कागद सपाट फरशीवर ठेवा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभे राहा. रेघ दुसऱ्या माणसानं मारावी. आपणच वाकून मारली तर वजन पुढं जातं आणि आकार फसतो. पेन्सिल अगदी उभी धरायची. ती आत कलली तर पाऊल एखाद्या सेंटिमीटरनं लहान निघतं, आणि बूट घेताना तेवढ्यानंच घोटाळा होतो. दोन्ही पाय काढा, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. कोपऱ्यात तारीख घाला.

आता तीन मापं घ्या. पहिलं, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, ते विसरू नका. दुसरं, चवड्याची सगळ्यात रुंद जागा. तिसरं कोनाचं: टाचेच्या आतल्या कडेला आणि गाठीला टेकणारी एक सरळ रेघ मारून ती पुढं वाढवा. मग गाठीपासून अंगठ्याच्या आतल्या कडेनं दुसरी रेघ मारा. या दोन रेघांमधला कोन म्हणजे अंगठ्याचा कल. एक्स-रेवर हाडांचा कोन १५ अंशांपर्यंत असेल तर ठीक मानतात, साधारण २० पर्यंत सौम्य, ४० पर्यंत मध्यम आणि त्यापुढं तीव्र. कागदावरचा कोन एक्स-रेइतका नेमका नसतो. त्याचा उपयोग स्वतःशीच तुलना करायला आहे. सहा महिन्यांनी तसाच कागद काढा. कोन वाढलेला दिसला तर गाठ पुढं सरकते आहे, आणि डॉक्टरांकडं जाण्याची वेळ दुखण्याच्या आधीच कळते.

शेवटी रोजचं पायताण त्याच चित्रावर ठेवून त्याच्या तळाची रेघ दुसऱ्या रंगानं मारा. पावलाची रेघ पायताणाच्या रेघेबाहेर गेली तर दोष कुठं आहे ते डोळ्यांसमोरच येतं.

पायरी २: ओला ठसा आणि टाचा वर

पाय पाण्यात बुडवून कोरड्या शहाबादी फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर उभे राहा. ठसा मध्ये अर्धा कोरलेला असेल तर कमान नेहमीची आहे. सगळा तळवा उमटला तर पाऊल सपाट. टाच आणि चवडा वेगवेगळे उमटले आणि मध्ये काहीच नाही तर कमान उंच आहे.

ठसा सपाट आला म्हणून घाबरायचं कारण नाही. चवड्यांवर उभे राहा आणि मागून कुणाला तरी बघायला सांगा. टाच उचलल्यावर कमान उमटली तर पाऊल लवचीक आहे. त्याला दुखत नसेल तर उपचार लागत नाहीत. कमान उमटलीच नाही, किंवा एकाच पायावर उभं राहून टाच उचलता येत नाही आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं, सूज येते, तर कमान धरून ठेवणारी शीर थकली आहे असं समजा. चाळिशीनंतर एकाच पायाची कमान खचत चालली असेल तर दोन-तीन आठवड्यांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ही शीर फाटण्याआधी बुटात घालायच्या आधाराच्या तळव्यानं सावरता येते, नंतर अवघड जातं.

लहान मुलांचं वेगळं आहे. तळव्याला चरबीची गादी असल्यामुळं पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे पाय सपाटच दिसतात. त्यांना महागडे ‘कमानीचे बूट’ घालून कमान तयार होत नाही. मूल दुखतं म्हणत असेल, पाऊल ताठ असेल किंवा एकाच बाजूचं सपाट असेल तरच दाखवा.

पायरी ३: दुखतं नेमकं कुठं

अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय म्हणजे ती कललेली गाठच, असं नाही. अंगठा सरळ आहे, पण वर वाकत नाही आणि सांध्याच्या वरच्या बाजूला उंचवटा आहे, तर तो सांधा झिजल्याचा प्रकार आहे. त्याला कडक तळाचं पायताण बरं पडतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सांधा लाल आणि गरम, पांघरूण लागलेलंही सोसत नाही, तर युरिक ॲसिडचा म्हणजे गाऊटचा झटका असू शकतो. झटक्याच्या काळात रक्तातलं युरिक ॲसिड तपासणीत ठीकही निघतं, त्यामुळं एका रिपोर्टवर भरवसा ठेवून विषय सोडू नका. सांधा लाल आणि गरम असून ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला येणाऱ्या गाठीला इंग्रजीत शिंप्याची गाठ म्हणतात. शिंपी मांडी घालून बसत आणि पावलाची बाहेरची कड जमिनीवर दाबली जाई, त्यावरून हे नाव आलं. आपल्याकडं निवडण-टिपण, जेवण, भजन सगळं मांडी घालूनच. गाठ दुखत असेल तर खाली सतरंजीची जाड घडी घ्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी बसण्याची ढब बदला किंवा पाटावर बसा.

मधली बोटं वाकडी होतात ती तीन तऱ्हांनी. मधल्या सांध्यात वाकलं तर हातोडीसारखं बोट, फक्त टोकाच्या सांध्यात वाकलं तर टोक खाली, आणि मुळाशी वर उचलून पुढं दोन्ही सांध्यांत वळलं तर पंजासारखं बोट. हातानं सरळ होतंय का ते पाहा. होत असेल तर पट्टी, रुंद पायताण आणि व्यायाम यांनी फरक पडतो. ताठ झालं असेल तर जागा करून देणं आणि घासणी थांबवणं एवढंच घरी हाती राहतं. बायकांनी जोडवी तपासावीत. दुसरं बोट वाकू लागलं, सुजलं, तर घट्ट जोडवं सांध्यावर चढून बसतं आणि निघत नाही. उघड्या कडीचं, सैल करता येणारं जोडवं घ्या आणि सूज दिसली की लगेच काढून ठेवा. दोन्ही पायांची अनेक बोटं पंजासारखी वळू लागली तर मात्र ते पायताणाचं काम नव्हे. नसांचा आजार, मधुमेह किंवा कुष्ठरोग शोधावा लागतो.

पायरी ४: पायताण

चित्र काढलेला कागद कात्रीनं कापा आणि दुकानात घेऊन जा. बेळगावच्या खडे बाजारात दहा दुकानं फिरण्यापेक्षा हा कागद बुटात सरकवून पाहणं जास्त कामाचं. कागद कडेला न मुडपता सपाट बसला पाहिजे आणि पुढं एक ते सव्वा सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. मोठ्या पायाचं माप धरा. आपल्याकडच्या नंबरांत एका नंबरानं लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी मात्र फार वाढत नाही. इथंच बहुतेकांची चूक होते: चवडा दाबतो म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतात, टाच आत सरकत राहते, बोटं पकड घ्यायला वळतात आणि वाकड्या बोटांचा त्रास वाढतो. नंबर वाढवू नका, रुंद पंजाचा साचा मागा.

बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्येच दुमडणारा नको. टाच अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर नको, कारण उंच टाच सगळं वजन चवड्यावर ढकलते. गाठ जिथं येते तिथं शिवण किंवा प्लास्टिकची नक्षी नको. नाडी किंवा चिकटपट्टी असलेला बूट नुसत्या सरकवायच्या बुटापेक्षा चांगला, सूज आली की सैल करता येतो. जूनमध्ये मुलांच्या शाळेचे काळे बूट घेताना ‘वर्षभर चालतील’ म्हणून मोठे घेऊ नका. एक सेंटिमीटर जागा पुरे, आणि दिवाळीनंतर अंगठा कुठं टेकतो ते पुन्हा चाचपून पाहा.

आता कोल्हापुरीबद्दल, कारण आपल्या भागात तो रोजचा प्रश्न आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, आणि अथणी-निपाणीकडचे कारागीर ती पिढ्यान्‌पिढ्या बनवत आले आहेत. गाठ असलेल्या पायाला तिचा एक मोठा फायदा: पुढं बोटं दाबणारी भिंतच नाही. दोन तोटे: तळ सपाट आणि कडक, आणि नवी असताना पट्ट्याची कड गाठीवर घासते. मापानं करून घ्यायची सोय हीच इथली खरी श्रीमंती आहे, ती वापरा. कागद कारागिराला द्या, गाठीची जागा फुलीनं दाखवा आणि तीन गोष्टी सांगा: पट्टा गाठीच्या मागून जाऊ दे, फुलीवर शिवण किंवा वेणी नको, आणि वर चार-पाच मिलिमीटरचा मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराचा थर बसव. नव्या चपलेच्या आतल्या बाजूला तेल लावून रात्रभर ठेवा, आणि पहिले चार दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाला. अंगठ्याच्या कडीत सुजलेला अंगठा कोंबू नका.

उसाच्या किंवा भाताच्या चिखलात घालायचे प्लास्टिकचे बूट पंज्यात अरुंद असतात. आत जाड सुती मोजा घालून माप घ्या, आणि काम संपल्यावर बूट उलटे करून पूर्ण वाळवा. ओलसर बुटात घासलेली कातडी लवकर फुटते.

पायरी ५: घरचे उपाय, आणि ते कुठं चुकतात

फुगलेल्या गाठीला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. गाठीवर चकती लावायची तर मध्ये भोक पाडून, म्हणजे गाठ भोकात आणि चकती भोवती. लोक नेमकं उलटं करतात, गाठीवरच कापूस चिकटवतात. बुटात जागा तेवढीच असते, त्यामुळं दाब वाढतो.

अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मध्ये सिलिकॉनचा तुकडा किंवा गॉजमध्ये गुंडाळलेली कापसाची वळी ठेवल्यानं घासणं थांबतं. ती जाड झाली तर दुसरं बोट ढकलून वाकडं करते, म्हणून सहा-आठ मिलिमीटरच्या पुढं जाऊ नका. रात्री बांधायचे पट्टे मोठ्या माणसाचं हाड कायमचं सरळ करत नाहीत. आराम वाटत असेल तर बांधा, पण जाहिरातीतल्या ‘आधी आणि नंतर’च्या चित्रांवर पैसे खर्च करू नका.

व्यायाम रोज दहा मिनिटं पुरतात. भिंतीला हात टेकून एक पाय मागं, टाच जमिनीवर, पोटरी ताणून ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीन वेळा. पोटरी आखडली की चवड्यावर भार वाढतो. मग अंगठा मुळाशी धरून हळू पुढं आणि सरळ रेषेत ओढा, तोही ३० सेकंद, तीन वेळा. शेवटी बसून पाऊल जमिनीवर ठेवा, बोटं न वळवता चवडा टाचेकडं ओढून कमान उचला, पाच सेकंद धरा, दहा वेळा. यात बोटं वळली तर व्यायाम भलत्याच स्नायूंचा होतो. सुरुवातीला बसूनच करा, जमला की उभं राहून.

कुरूप आणि घट्टा यांच्यासाठी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा, वजरीनं हलकं घासा आणि खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा. ब्लेड नाही, नेलकटर नाही. दाब तसाच राहिला तर कुरूप महिन्याभरात परत येतं. दुकानात मिळणाऱ्या कुरपाच्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते चांगली कातडीही जाळतं.

मधुमेह असेल तर हे आधी वाचा

मधुमेह्यानं कुरपाची पट्टी, पाय शेकणं, बर्फ, वजरीचं जोरदार घासणं यातलं काहीही स्वतः करू नये. संवेदना गेलेल्या पायाला भाजल्याचं कळत नाही. घरी करता येणारी एक सोपी तपासणी आहे. डोळे मिटायला सांगा आणि बोटाच्या टोकानं एक-दोन सेकंद हलका स्पर्श करा: दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर संवेदना कमी झाली आहे. त्या पायाला घरातही एमसीआर तळाची चप्पल हवी. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर किंवा वारीत तापलेल्या दगडावर अनवाणी चालू नका. देवळात जाड मोजे घालून जा.

पाऊल एकाएकी सुजलं, गरम झालं, आकार बदलू लागला आणि दुखत मात्र फारसं नाही, तर त्यावर पाऊलही टाकू नका. आतली हाडं ढासळत असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथं स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचं औषध तिथं मोफत मिळतं, आणि लवकर सुरू केलं तर बोटं वाकडी होण्याआधी थांबवता येतं.

बाळाचं पाऊल आत वळलेलं असेल तर

जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेलं असणं, म्हणजे क्लबफूट, साधारण हजार बाळांत एकाला आढळतं. ते मालिशीनं सुटत नाही आणि ग्रहणाचाही त्यात काही संबंध नाही. पहिल्या काही आठवड्यांतच पोन्सेटी पद्धतीचे उपचार सुरू करावेत. दर आठवड्याला पाऊल थोडं वळवून नवं प्लास्टर, साधारण पाच ते सात वेळा. मग बहुतेक बाळांना टाचेमागची शीर छोट्या छेदानं सैल करून तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. प्लास्टरमधून बोटं दिसेनाशी झाली तर प्लास्टर खाली घसरलं आहे, आणि निळी-थंड पडली तर ते घट्ट आहे. दोन्ही वेळी वाट न पाहता परत जा.

खरी कसोटी पुढं आहे. दांडीला जोडलेले खास बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि मग चार वर्षांपर्यंत झोपेत घालायचे असतात. पाऊल सरळ दिसतंय म्हणून सहा महिन्यांत बूट बंद केले की ते पुन्हा वळतं, हे परत उपचारांवर येणाऱ्या मुलांमागचं सगळ्यात मोठं कारण आहे. ऊसतोडीला गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांनी बूट आणि उपचाराचं कार्ड सोबत न्यावं आणि पुढच्या मापाची तारीख आधीच विचारून ठेवावी. क्लबफूट हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात समाविष्ट आजार आहे. गावातल्या आशाताईंना सांगा, त्या जिल्हा रुग्णालयाकडं पाठवण्याची वाट दाखवतात.

पायरी ६: डॉक्टरांकडं जाताना

कागदावरची चित्रं, रोजचं पायताण आणि चालू गोळ्या सोबत न्या. पायताणाची झीज कुठं झाली आहे त्यावरूनही बरंच कळतं. एक्स-रे उभं राहून, पायावर वजन टाकून काढायला सांगा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत कोन खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि निर्णय चुकतो. सरकारी दवाखान्यात कन्नडच बोलणारे कर्मचारी भेटले तर चार शब्द हाताशी असू द्यात: ‘हेब्बेरळु’ म्हणजे अंगठा, ‘हिम्मडी’ म्हणजे टाच, ‘आणी’ म्हणजे कुरूप आणि ‘नोवु’ म्हणजे दुखणं.

शस्त्रक्रिया दुखण्यासाठी करतात, दिसण्यासाठी नव्हे. रुंद पायताण आणि व्यायाम काही महिने करूनही चालणं अडत असेल, किंवा दुसरं बोट अंगठ्यावर चढू लागलं असेल, तर विचार करा. नुसता उंचवटा तासून भागत नाही, सरकलेलं हाड कापून जागेवर आणावं लागतं आणि स्क्रूनं धरावं लागतं. डॉक्टरांना विचारा: कोन किती आहे, हाड कुठं कापणार, गाठ परत येण्याची शक्यता किती. तंबाखू किंवा विडी चालू असेल तर हाड जुळायला उशीर लागतो. काही आठवडे आधीच बंद करा आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

नंतरचे साधारण सहा आठवडे टाचेवर भार देणाऱ्या खास चपलेनं चालावं लागतं. सूज पूर्ण उतरायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. म्हणून पेरणी, सुगी किंवा घरातलं लग्न तोंडावर असताना तारीख घेऊ नका. ऑपरेशनच्या आधीच न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल आणि भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची आणून ठेवा, कारण त्या सहा आठवड्यांत उकिडवं बसलं की सगळा भार नेमका कापलेल्या हाडावर येतो.